आवाजाची अढी

माणसं मला आधी आवाजातून भेटतात. चेहरा नंतर येतो, दुकान किंवा कारखाना त्याहून नंतर, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो माल, मग ते लोणचं असो, शेतातला पंप असो की पतसंस्थेची ठेव योजना, बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी. फोन वाजतो. "जाहिरातीचं लिहून देणाऱ्या बाई तुम्हीच ना?" असं विचारून पलीकडचा माणूस आपल्या धंद्याची कुळकथा सांगू लागतो, स्थापना कधी झाली, शाखा किती, आजोबांनी डोक्यावर टोपली घेऊन कशी सुरुवात केली, आणि मी हुंकार देत राहते, पण कान लागलेला असतो तो शब्दांच्या मागच्या जागेकडे, जिथे कुकरची शिट्टी होते, एखादी एसटी हॉर्न देत दूर जाते, कुणीतरी "मालक, टेम्पो आलाय" म्हणून ओरडतं, आणि त्या हाकेला ओ देताना बोलण्याची कडक इस्त्री एकदम मोडते, पट्टी खाली उतरते, 'आम्ही'चा 'मी' होतो आणि आवाज आपल्या मूळ मुक्कामी जाऊन बसतो.

तो मला हवा असतो.

एजन्सीकडून काम येतं तेव्हा सोबत ब्रीफ येतं आणि त्यात एक रकाना हमखास 'टोन'चा असतो. आपुलकीचा पण अधिकारवाणीचा. आधुनिक, तरी परंपरेशी नातं सांगणारा. तरुण, पण ज्येष्ठांनाही रुचेल असा. असं बोलणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. भेटला तर मी त्याच्याशी चार शब्द बोलायलाही घाबरेन. विशेषणांची कितीही रास घातली तरी तिच्यातून कंठ फुटत नाही. माणसाचा आवाज मला पहिल्यांदा ओळखू येतो तो वेगळ्याच खुणेवरून. कोणता शब्द हा माणूस काही केल्या तोंडातून काढणार नाही? एकदा तो शब्द सापडला की बाकीचे हळूहळू जवळ येऊ लागतात.

राजापूरच्या बाजूला एक आंबा बागायतदार आहेत. त्यांना पेटीत घालायला एक चिठोरं हवं होतं, एवढंच. मुंबई-पुण्यात आंबा जातो, लोक काय वाटेल ते करतात, म्हणून 'दोन ओळी लिहून द्या' असा निरोप होता. दोन ओळींसाठी कुणी एवढ्या लांब जात नाही, पण मी गेले. एप्रिल सरत आला होता. जांभ्याचा सडा तापून वर हवा थरथरत होती, समुद्र दिसत नव्हता पण खारटपणा ओठांवर येत होता, आणि सड्यावरून उतार संपता संपता अचानक कलमांची गर्द सावली अंगावर आली, इतकी थंड की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी यावी. काकांनी "या" म्हटलं, पाणी दिलं आणि एक शब्दही न बोलता मला अढीच्या खोलीत नेलं.

ती खोली मी विसरू शकत नाही. सारवलेली जमीन, तिच्यावर भाताचा पेंढा, पेंढ्यावर ओळीनं निजवलेले आंबे, पुन्हा पेंढा. वर कौलांत एक काचेचं कौल बसवलेलं, आणि त्यातून उन्हाची एक तिरपी पट्टी खाली येऊन नेमकी काही फळांवर थांबलेली, हिरव्यातून पिवळ्याकडे निघालेल्या, अजून कुठेच न पोचलेल्या. वास नाकात येत नव्हता, अंगाला लागत होता. काका वाकले, हात पेंढ्यात कोपरापर्यंत घातला, न बघता एक फळ उचललं, देठाशी हुंगलं आणि परत ठेवलं. "अजून दोन दिवस," म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मला नक्कीच नाही.

मी विचारलं, "काका, तुमच्या आंब्याबद्दल सांगा ना."

"वाईट नाही," ते म्हणाले.

कोकणात याच्यावर कौतुक जात नाही, हे मला ठाऊक होतं. तरी धंद्याची सवय म्हणून मी 'फळांचा राजा' वगैरे पुटपुटले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "राजे गेले हो सगळे. आंबा राहिलाय. त्याला कशाला त्यांच्यात गुंतवता?" २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून बाजारात 'अस्सल'पणाचा गजर फार वाढला आहे, काकांचं त्यावर म्हणणं असं की शिक्का कोपऱ्यात छापा, वाचणारा वाचेल. अमृत नको, स्वर्ग नको, सोनेरी नको. एकेक शब्द ते पेटीतून काढून ठेवत गेले, आणि रिकाम्या होत गेलेल्या त्या जागेत मग त्यांची खरी तक्रार बाहेर आली. तक्रार साक्याची होती. आंबा बाहेरून देखणा, वास घमघमता, आणि कापल्यावर आत पांढरट, भुसभुशीत डाग. "वरनं कळत नाही. माझ्या वडिलांना कळलं नाही, मला कळत नाही. आणि फोन येतात, फसवलंत म्हणून. आम्ही आत शिरून बघणार काय?" बोलता बोलता आवाज चढला, नाकात शिरला, आणि तिथल्या तिथे त्यांनी तो आवरला. "बदलून देतो आपण. सांगितलं पाहिजे पण त्यांनी."

तो आवरलेला आवाज घेऊन मी परत निघाले.

ऐकलेलं लगेच कागदावर घ्यायला बसू नये, हे मला कुणी शिकवलं नाही, पण हात आपोआप थांबतो. ऐकलेल्या आवाजाचीही अढी घालावी लागते. वहीत चार तुटक वाक्यं टिपायची, वही मिटायची, आणि भाजी निवडताना, लोकलच्या दारात वारा घेताना, रात्री दिवा मालवल्यावर तो आवाज आपल्या आत काय करतोय इकडे फक्त लक्ष ठेवायचं. सुरुवातीला शब्द आठवतात. मग शब्द गळून पडतात आणि चाल उरते: वाक्य कुठे आखडतं, दम कुठे घेतो, कुठल्या ठिकाणी माणूस 'पण' शेवटी टाकतो. आणि मग एका सकाळी, चहा गाळताना म्हणा, माझ्याच डोक्यात काका असं काहीतरी बोलतात जे ते माझ्यासमोर बोललेच नव्हते. तेव्हा लिहायला बसायचं.

चिठोरं असं झालं: 'हा आंबा देठासकट उतरवला आहे. पेंढ्यातच ठेवा, फ्रीजमध्ये नको. वास खोलीभर झाला की कापा, त्याआधी घाई नको. एखाद्यात साका निघेल. तो वरून कळत नाही, आम्हालाही नाही. सांगा, बदलून देऊ.' काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं म्हणे, आणि फोनवर म्हणाले, "ह्यात तुम्ही काय लिहिलंत? हे सगळं मीच बोललो होतो." मला पैसे द्यावेत की मागावेत, असा प्रश्न त्यांना पडला असावा.

राजापूरहून परतीच्या वाटेवर मला बाळाजी आवजी आठवत राहिले होते. वडिलांमागे कुटुंबाची वाताहत झाली आणि हा मुलगा राजापुरात कारकुनी करू लागला. त्याचं मोत्यासारखं अक्षर पाहून शिवाजी महाराजांनी त्याला आपल्याकडे घेतलं, अशी परंपरा सांगते. पण त्यांची जी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती अक्षराची नाही. महाराजांनी एक पत्र लिहायला सांगितलं होतं, दिवसभराच्या धबडग्यात ते राहिलं, आणि रात्री महाराज म्हणाले, वाचून दाखवा. चिटणिसांनी कागद समोर धरला आणि पत्र वाचलं, मायना ते अखेर, न अडखळता. शेजारी उजेड धरून उभा असलेला मशालजी हसला म्हणून बिंग फुटलं. कागद कोरा होता.

लहानपणी ही गोष्ट मला प्रसंगावधानाची वाटायची. आता ती मला कानाची वाटते. तो माणूस काय वाचत होता? महाराज कोणाला कोणत्या मायन्यानं हाक मारतात, राग आला तर तो कोणत्या शब्दामागे उभा करतात, हुकूम आणि समजावणी यांच्यामधली त्यांची विश्रांती किती लांब, हे सगळं त्याच्या गळ्यात उतरलेलं होतं. शाई ही त्यानंतरची बाब. आणि ज्यांचा आवाज तो काढत होता ते समोर बसून ऐकत होते, आणि त्यांना तो परका वाटला नाही, ही या गोष्टीतली मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी जागा. मशालजीबद्दलही मला जिव्हाळा आहे. सगळ्या दरबारात कोरेपणा फक्त त्यालाच दिसत होता, कारण उजेड त्याच्या हातात होता. माझ्या टेबलाशीही असा एकजण उभा असतो. हसत नाही, पण हसेल असं सतत वाटतं.

मुंबईत जीपीओच्या बाहेर पत्रं लिहून देणारे बसत. विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेला तो अवाढव्य घुमट १९१३ साली पुरा झाला, आणि त्याच्यासमोर कबुतरांच्या फडफडाटात, ताडपत्रीखाली, लाकडी डेस्क मांडून ही माणसं परगावच्यांची पत्रं लिहीत, मनिऑर्डरचे फॉर्म भरत, मांजरपाटात पार्सलं शिवून त्यावर लाख लावत. वडिलांबरोबर पार्सल शिवून घ्यायला गेले असताना एकाला काम करताना मी बराच वेळ बघत होते. समोर एक गडी उकिडवा बसला होता. त्याला काय लिहायचं ते सांगता येत नव्हतं. "बाकी ठीक," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. लिहिणाऱ्यानं त्याला घाई केली नाही, काही सुचवलं नाही, टाक नुसता शाईत बुडवून हवेत धरला. कबुतरं उठली, बसली. एक ट्रक गेला. मग त्या गड्यानं मान वळवून, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय अशा सुरात, म्हशीचं विचारा, म्हणून सांगितलं. टाक खाली आला आणि झरझर चालू लागला. त्या म्हशीच्या चौकशीत बायकोची, लेकरांची, न मिळालेल्या रजेची किती चौकशी भरलेली होती ते गावाकडे ज्याला वाचता येत होतं त्यालाच कळलं असेल. २०१३ मध्ये तार गेली, २०१५ मध्ये जुनी मनिऑर्डर गेली, आणि ते टाक हवेत धरून थांबणंही बरंचसं गेलं. माझ्या धंद्यात त्याला आता 'क्लायंट मीटिंग' म्हणतात आणि तिथे कुणी थांबत नाही. प्रोजेक्टरचा पंखा गुरगुरत असतो आणि शांतता पसरली रे पसरली की कुणीतरी पुढची स्लाइड लावतं.

विकणाऱ्याच्या आवाजात घेणाऱ्याची भीती मुरलेली असावी लागते, असं साक्याच्या चिठोऱ्यापासून मला वाटू लागलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवले तेव्हा ते कुणी घेईना. लोखंडाच्या फाळानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. भीती अडाणी म्हणून हसण्यावारी नेता आली असती, पण हसून नांगर खपत नाही. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी, चित्रकला शिकून आलेल्या माणसानं, किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याची आणि मालाची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत नेणारं साधं पत्रक ते. आणि बघता बघता ते 'किर्लोस्कर' मासिक झालं, माजघरात दुपारी उघडलं जाऊ लागलं, त्यात कथा आल्या, वाद आले, बायकांचे प्रश्न आले. नांगराच्या निमित्तानं बोलू लागलेला आवाज नांगर बाजूला ठेवून बोलतच राहिला. जाहिरात लिहिणाऱ्या कुणालाही याचा हेवा वाटावा. मला वाटतो.

उलटा अनुभवही येतो आणि तो लवकर सांगून मोकळं झालेलं बरं. एका सहकारी बँकेसाठी मी 'तुमच्या घामाचा पैसा' असं लिहिलं होतं. संचालकांपैकी एकांना घाम अस्वच्छ वाटला, म्हणून 'कष्टाची कमाई' झाली. दुसऱ्यांना कष्ट दुःखी वाटले, म्हणून 'बचत' झाली. शेवटी छापून आलं ते 'आर्थिक उद्दिष्टे'. सगळ्यांनी खाली सह्या केल्या आणि वर बोलणारं कुणीच उरलं नाही.

या सगळ्यांत माझा आवाज कुठे असतो, असं मैत्रिणी विचारतात, जरा काळजीनं विचारतात. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले तेव्हा त्यांचा स्वतःचा देह शिष्यांनी गुहेत राखला होता. माझ्याकडे शिष्य नाहीत. लहानपणी रेडिओवरच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी आमच्या स्वयंपाकघरात रोज येऊन बसल्यासारखे वाटायचे, दिसायचे मात्र कधीच नाहीत, आणि तरी त्यांच्या बोलण्याच्या लकबी आईच्या बोलण्यात उतरायच्या. ती भाजीवाल्याशी घासाघीस करताना मीनावहिनी व्हायची. तसंच काहीतरी माझं होत गेलं असावं. बहिणीला पाठवलेल्या निरोपात कधी काकांचं आखडतं वाक्य येतं. कंटाळले की एका जुन्या पंपवाल्याचा "बघू, बघू" तोंडातून निघतो, आणि तो गृहस्थ जाऊनही काळ लोटला. संध्याकाळी कामं संपल्यावर खिडकीशी बसावं, समोरच्या इमारतीवरचं ऊन मजल्यामागून मजला वर चढत जावं, आणि आत एवढी माणसं आपापल्या सुरात बोलत असावीत की मध्ये माझी वेगळी पट्टी शोधायचं कारणच उरू नये. मला त्याचं वाईट वाटत नाही. भांडताना मात्र मी माझ्याच आवाजात भांडते, हे घरचे शपथेवर सांगतील.

मध्यंतरी कोल्हापूरच्या एका मावशींचं काम आलं. मिरची-कांडप होतं, आता स्वतःच्या नावानं कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं काढायची होती. त्या त्याला मसाला म्हणत नव्हत्या, चटणी म्हणत होत्या, सगळं कोल्हापूर म्हणतं तशी. उन्हाळ्याची बेगमी करायला आलेल्या बायका पदर नाकाला लावून ओळीनं बसलेल्या, कांडपाचा धबधब आवाज जमिनीतून पायांत चढतोय, हवेत लाल धुकं, आणि त्या धुक्यात मावशी एकट्या उघड्या नाकानं उभ्या. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, खोबरं किती भाजायचं, लसूण सोलायचा की नाही, सगळं त्या ओरडून सांगत होत्या, कारण तिथे दुसऱ्या कुठल्या सुरात बोलताच येत नाही. 'अस्सल' त्यांनाही नको होतं. "अस्सल म्हटलं की मानूस आधी पाकीट उलटं करून बघतंय," असं त्यांचं मत. 'झणझणीत' नको, ते सगळेच लिहितात. 'आईच्या हातची चव'वर तर त्या खो-खो हसल्या. त्यांच्या आईला म्हणे स्वयंपाकाचा कंटाळा होता.

मी सगळं फोनवर ध्वनिमुद्रित करून आणलं होतं. घरी ऐकलं तर निम्मं कांडपच ऐकू येत होतं, आणि शिंका. तरीही तो आवाज आत जाऊन पडला, मुरला, आणि काही दिवसांनी पाकिटासाठी एक ओळ आली: 'पहिल्या दिवशी चिमूटभर घाला. मग तुमचं तुम्ही बघा.'

ही ओळ मावशी बोलल्या नव्हत्या. खात्री करायला मी ध्वनिमुद्रण पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, शिंकांसकट. कुठेच नव्हती. मी ती फोनवर त्यांना वाचून दाखवली, शक्य तितक्या साध्या सुरात, आणि पलीकडे कांडप चालू असल्यानं पुन्हा मोठ्यानं वाचली.

"व्हय की," मावशी म्हणाल्या. "ह्ये तर मी सगळ्यांस्नी सांगत असतोय. त्यात काय नवीन हाय?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "मग हेच ठेवू या?"

"ठेवा. पर त्यो फोन नंबर मोठा टाका बघा. म्हाताऱ्या बायकांस्नी दिसाय पायजे."